मार्जरी केंपची मोलकरीण : रोमपर्यंत गेलेली एक बिननावाची पोर

पानगळ :

दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. तिची नायिका खरोखर होऊन गेलेली आहे, पण तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ती इंग्लंडहून निघून रोमला पोचली. तिच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते सगळं एका परिच्छेदात मावेल, आणि तेही तिच्या मालकिणीने सांगितलेलं, तक्रार म्हणून. ती तक्रार मला पटत नाही. म्हणून हा धागा.

मालकीण म्हणजे मार्जरी केंप. जन्म साधारण १३७३चा. गाव बिशप्स लिन, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोकमधलं आजचं किंग्ज लिन. वडील जॉन ब्रनम त्या गावाचे पाच वेळा मेयर, तेव्हा घर तालेवार. पहिल्या बाळंतपणानंतर मार्जरीचं भान हरपलं. आग ओकणारे सैतान दिसू लागले, आणि ख्रिस्ताने दर्शन दिल्यावर आपण ताळ्यावर आलो असं ती सांगते. पुढे बिअर गाळायचा धंदा काढला, तो बुडाला. घोड्याने फिरवायची पिठाची चक्की घातली, तीही बंद पडली. चौदा मुलं झाल्यावर १४१३ साली तिने नवऱ्याशी सरळ सौदा केला : यापुढे मला हात लावायचा नाही, मी तुझं कर्ज फेडते. मग ती जेरुसलेमला निघाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे उतारवयात तिने आपली कहाणी सांगून लिहून घेतली. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते हेच पुस्तक. त्यात ती स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'हा जीव' म्हणते.

१४१३च्या अखेरीस यारमथ बंदरातून ती जहाजात बसली. बरोबर यात्रेकरूंचा जथा होता, आणि तिची मोलकरीण. जहाज हॉलंडच्या बाजूला झिरिकझेला लागलं, तिथून पुढे जर्मन मुलुखातून दक्षिणेकडे वाट. मार्जरी मांस खात नसे, येशूच्या यातना आठवल्या की मोठमोठ्याने रडत असे, आणि जेवायला बसल्यावर देवाखेरीज दुसरं बोलत नसे. बरोबरचे लोक वैतागले. त्यांनी तिचा झगा गुडघ्याच्या जरासा खाली येईल इतका आखूड कापला, वरून गोणपाटासारखं पांढरं कापड घालायला लावलं आणि जेवणाच्या टेबलाच्या अगदी शेवटी बसवलं, का तर बघणाऱ्यांनी तिला वेडी समजावं. आजच्या दक्षिण जर्मनीतल्या कॉन्स्टन्स शहरात पोचल्यावर त्यांनी तिला टाकलंच, आणि मोलकरीण मात्र स्वतःकडे ठेवून घेतली. काहीही झालं तरी सोडून जाणार नाही असा शब्द त्या मुलीने दिला होता, याची नोंद पुस्तक आवर्जून करतं.

पुढे इटलीतल्या बोलोन्यात मार्जरीला अटींवर परत घेण्यात आलं : जेवताना बायबल काढायचं नाही, सगळ्यांसारखं हसूनखेळून राहायचं. व्हेनिसमध्ये तिने ती अट मोडली. मग ती सहा आठवडे आपल्या खोलीत एकटीच जेवत होती, मरणाच्या दारात जाईल इतकी आजारी पडली, आणि त्या सगळ्या काळात मोलकरीण जथ्याचा स्वयंपाक करत होती, त्यांचे कपडे धूत होती, पण जिची चाकरी कबूल केली होती त्या मालकिणीकडे फिरकली नाही.

या एका वाक्यावर ती मुलगी बेइमान ठरते. मी ते वाक्य अनेकदा वाचलं आणि प्रत्येक वेळी माझं लक्ष स्वयंपाक आणि धुणं या दोन शब्दांवर गेलं. एका माणसाच्या चाकरीला निघालेली पोर अख्ख्या जथ्याची मोलकरीण झाली. तिला कॉन्स्टन्सला कुणी विचारलं होतं का, तुला कुणाबरोबर जायचंय? पुस्तकच सांगतं की जथ्याने तिला अडवून ठेवलं. परक्या मुलुखात, भाषा येत नसताना, पुढे आल्प्स, अशा ठिकाणी ज्यांच्याकडे पैसे आणि पुरुष आहेत त्यांच्या विरोधात जाऊन ती काय करणार होती? मार्जरीला स्वतःला डेव्हनचा विल्यम वीव्हर नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा सोबतीला मिळाला, आणि तोही घाबरलेला : वाटेत तुला कुणी माझ्याकडून हिसकावून नेलं तर मार मला बसेल आणि अंगावरचा डगलाही जाईल, म्हणाला.

आता रोम. इथे गोष्ट अशी वळते की एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण 'फारच जुळवून आणलंय' म्हटलं असतं.

मार्जरी जेरुसलेम करून, असिसीमार्गे १४१४च्या शरदात रोमला आली. देवाची आज्ञा म्हणून जवळचे सगळे पैसे वाटून टाकले, वर उसने घेतलेलेही वाटले. तिच्या पापनिवेदक धर्मगुरूने तिला एका गरीब म्हातारीची सेवा करायला सांगितलं. सहा आठवडे तिने केली. निजायला अंथरूण नाही, पांघरायला स्वतःच्या झग्याखेरीज काही नाही, अंगात उवा पडलेल्या. पाणी भरायचं, सरपणाच्या काटक्या मानेवर वाहून आणायच्या, दोघींसाठी अन्न आणि वाइन मागून आणायची. मेयरची मुलगी मोलकरीण झाली.

आणि तिची मोलकरीण त्याच शहरात, सेंट थॉमसच्या नावाने चालणाऱ्या इंग्रज यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, खाऊनपिऊन सुखी होती. तिथल्या वाइनचा साठा तिच्या ताब्यात होता. मार्जरी अधूनमधून तिच्या दारात जायची, नम्रपणाचा भाग म्हणून, आणि खायला-प्यायला मागायची. मुलगी आनंदाने द्यायची, कधी वर एक चांदीचं नाणं. मार्जरीने तिला बोलूनही दाखवलं की तू गेल्याचं मला फार दुःख आहे, आपण वेगळ्या झालो म्हणून लोक माझ्याबद्दल वाटेल ते बोलतात. पण मुलगी परत आली नाही.

माझं म्हणणं एवढंच : तिची यात्रा ही यात्राच होती. पुस्तकाने ती मालकिणीच्या यात्रेतला एक अडथळा म्हणून नोंदवली आहे. पोटासाठी निघालेल्या, रांधत-धूत गेलेल्या माणसाचीही यात्रा असते, आणि ती लिहायची तर त्या रांधण्याधुण्यातूनच लिहायला हवी. रोममध्ये मार्जरीला मदत करणाऱ्या श्रीमंत बाईचं, मार्गारेट फ्लोरेंटाइनचं, नाव पुस्तकात आहे. आठवड्यातून दोन दिवस जेवू घालणाऱ्या मार्सेलचं आहे. व्हेनिसहून सोबत आलेल्या पाठीत मोडलेल्या आयरिश रिचर्डचं आहे. वाइन आणि पैसे देणाऱ्या या मुलीचं मात्र नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी हा काळ वाचला आहे त्यांनी सांगा, या मुलीला कसं उभं करावं? आणि काय करू नये?

---

सह्यसखी :

पानगळ, अंगावर काटा आला. मला तर ही मुलगी सरळ बंडखोर वाटते. मालकिणीचं रडगाणं ऐकून कंटाळली, संधी मिळाली तशी बाजूला झाली, शहरात स्वतःच्या पायावर उभी राहिली. मालकीण परत बोलवायला आल्यावर तिला वाइन दिली, पैसे दिले आणि नाही म्हटलं. सहाशे वर्षांपूर्वीच्या कामवाल्या मुलीने इतक्या शांतपणे नाही म्हणावं, यापेक्षा मोठा शेवट कुठला हवा? तुम्ही तिला फार बिचारी करू नका एवढीच विनंती. कॉन्स्टन्सला तिला अडवलं असेलही, पण रोममध्ये तिला कुणी अडवलं नव्हतं. तिथला नकार तिचा स्वतःचा आहे.

---

तळटीप :

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर.

'शब्द दिला होता' हे वाक्य हलकं समजू नका. १३४८-४९च्या प्लेगमध्ये इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं गेली, मजूर मिळेनात, मजुरी वाढली. मालकवर्गाने लगेच कायदे करून घेतले : १३४९चा हुकूम आणि १३५१चा मजुरांचा कायदा. मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधली, आणि ठरलेली मुदत संपायच्या आत योग्य कारणाशिवाय काम सोडणाऱ्या नोकराला तुरुंग. १३८८ साली केंब्रिजला भरलेल्या पार्लमेंटने आणखी पेच घातला. मुदत संपल्यावरही नोकराला, बाई असो वा पुरुष, आपला भाग सोडून जायचं तर राजाच्या शिक्क्याचं पत्र लागायचं. त्या कायद्यात जायची कारणं मोजताना यात्रेच्या निमित्ताने जाण्याचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे यात्रेला निघालो असं सांगून नोकर सटकतात ही मालकांची तक्रार तेव्हा कायद्याच्या मजकुरात जाऊन बसली होती. मार्जरी ही तक्रार ऐकतच मोठी झालेली बाई आहे. मोलकरीण यात्रेत आपल्याला सोडून गेली हे तिला किती लागलं असेल, ते या पार्श्वभूमीवर बघा.

दुसरं, मार्जरीची बाजूही कथेत येऊ द्या. नवरा बरोबर नाही, लग्न झालेली असून कुमारिकेसारखे पांढरे कपडे घालते, रस्त्यात रडते. अशा बाईची अब्रू परमुलखात कशावर टिकणार? बरोबर मोलकरीण आहे, म्हणजे घरंदाज आहे, एवढीच तिची ओळख. ती गेल्यावर लोक वाटेल ते बोलतात हे मार्जरी स्वतः सांगते, आणि ते अक्षरशः खरं असणार. रोममध्ये एका इंग्रज पाद्र्याने तिच्याविरुद्ध कान भरले आणि तिला त्याच सेंट थॉमसच्या धर्मशाळेतून बाहेर काढलं. ज्या दारातून मालकिणीला काढलं त्याच दाराच्या आत मोलकरीण वाइन सांभाळत होती. हा प्रसंग मार्जरीच्या बाजूनेही लिहून बघा.

सह्यसखी, बंडखोर म्हणायला माझा आक्षेप आहे. चाकरीच्या मुलीला तेव्हा मालक बदलता येत होता, चाकरी सोडता येत नव्हती. तिने एका बाईची चाकरी सोडून एका संस्थेची धरली.

---

खलबत्ता :

इतिहासातलं मला फार कळत नाही, पण यात्रेतल्या स्वयंपाकाचं कळतं.

माझी आत्या कित्येक वर्षं यात्रा कंपनीच्या गाडीबरोबर स्वयंपाकाला जायची. चारधाम, रामेश्वर, काशी, सगळं तिने पाहिलंय. पण तिला विचारलं तर ती देवळाचं सांगायची नाही. अमुक मुक्कामाला पाणी खालून आणावं लागतं, तमुक ठिकाणी स्टोव्ह पेटत नाही, इथे भाजी महाग, तिथला धर्मशाळेवाला भांडी घासायला राख देत नाही, हे सांगायची. रात्री दोनला उठून पीठ मळायचं, पहाटे नाश्ता, मंडळी दर्शनाला गेली की दुपारच्या जेवणाची तयारी. दर्शन झालं तर झालं. एकदा बद्रीनाथला मंडळी परत येईपर्यंत तिला सवड मिळाली आणि ती एकटी जाऊन आली. ते मात्र ती फार सविस्तर सांगायची : कुणाच्या मागे उभी होती, पुजाऱ्याने किती वेळ उभं राहू दिलं, खाली कुंडात पाय सोडले तेव्हा टाचेच्या भेगा कशा चुरचुरल्या.

तर पानगळ, तुमच्या मुलीला अल्प्स कसा दिसला हे लिहू नका. तिला मुक्काम कसे दिसले ते लिहा. विहीर कुठे, सरपण ओलं का सुकं, चूल दुसऱ्याची असेल तर ती बाई वापरू देते का. आणि एखादंच ठिकाण असं द्या जिथे ती स्वतःसाठी गेली.

---

पानगळ :

खलबत्ता, तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा. कुंडातल्या टाचांपुढे माझी सगळी टिपणं फिकी आहेत. तुमचं म्हणणं तसंच्या तसं स्वीकारते : एकच जागा, जिथे ती स्वतःसाठी गेली.

तळटीप, कायद्याबद्दल मनापासून आभार. पण त्या माहितीने माझं मत आणखी पक्कं झालं. निघण्याआधी मार्जरीने आपल्या चर्चमध्ये धर्मगुरूंकडून जाहीर करवलं होतं की माझ्याकडून किंवा नवऱ्याकडून ज्याचं काही येणं असेल त्याने यावं, हिशेब चुकता करते. इतकी देण्याघेण्याला चोख बाई. त्याच बाईच्या पुस्तकात मुलीने दिलेला शब्द नोंदला आहे, मालकिणीने मुलीला काय कबूल केलं होतं ते नोंदलेलं नाही. करार दोघींचा असतो. मांस-वाइन सोडून दिलेल्या, पुढे पैसेही वाटून टाकणाऱ्या मालकिणीच्या पदरी असलेल्या पोरीने जेवायचं काय? कॉन्स्टन्सला ती मार्जरीबरोबर गेली असती तर रोममध्ये त्या म्हातारीच्या खोपटात दोन जीवांऐवजी तीन असते, आणि काटक्या कुणी वाहिल्या असत्या हे उघड आहे. मार्जरीला सेवेचं पुण्य मिळालं ते सेवा करणारी पोर जवळ नव्हती म्हणून. हे मला कथेत आणायचंच आहे, पण कुणाच्या तोंडी भाषण न घालता.

मार्जरीची बाजू येईल. तिच्यावर माझा जीव आहे. जेरुसलेमला गाढवावरून जाताना दुरून शहर दिसलं तशी ती आनंदाने खाली पडणार होती, दोन जर्मन यात्रेकरूंनी तिला सावरलं आणि एकाने शुद्धीवर राहावी म्हणून तोंडात मसाल्याचा तुकडा ठेवला. हे असं सांगणारी बाई खोटी नाही. ज्या डोंगरावर येशूने चाळीस दिवस उपास केला तिथे तिच्या स्वतःच्या माणसांनी हात दिला नाही, तेव्हा एका मुसलमान माणसाने एका नाण्यावर तिला वर नेलं, हेही ती मोकळ्या मनाने सांगते.

---

वसईकर :

आमच्याकडे या विषयाला एक वेगळी बाजू आहे, ती मांडतो.

पानगळ, तुम्ही श्रम आणि पोट यावर भर देताय ते योग्यच आहे. पण त्या मुलीची श्रद्धा गृहीत धरायला किंवा गाळायला नको. रोमची यात्रा म्हणजे त्या काळच्या साध्या माणसाला काय होती? पोप आठवे बोनिफेस यांनी १३०० साली पहिलं पवित्र वर्ष जाहीर केलं. रोमवासीयांनी तीस दिवस, बाहेरगावच्यांनी पंधरा दिवस संत पीटर आणि संत पॉल यांच्या बासिलिकांना, म्हणजे मोठ्या चर्चना, भेट द्यायची, मनापासून पश्चात्ताप करून पापनिवेदन करायचं, की पापाच्या शिक्षेची संपूर्ण माफी. त्यात धन्याला एक आणि चाकराला एक असा नियम नव्हता. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूसमोर गुडघे टेकले की मोलकरीणही स्वतःच्याच आत्म्यासाठी टेकते. तिथे मालकिणीला मधे घेता येत नाही.

तेव्हा लोक मृत्युपत्रात पैसे ठेवून आपल्या नावाने दुसऱ्याला यात्रेला पाठवत असत. म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या कामासाठी चाललेला यात्रेकरू ही ओळखीची गोष्ट होती. कुणी त्याला कमी लेखत नसे.

म्हणून माझी सूचना : खलबत्ता यांनी सांगितलेली ती 'एक जागा' तुम्ही रोममध्ये द्या, आणि ती पापनिवेदनाची द्या. तिच्या मनात शब्द मोडल्याचा सल असणारच. शपथ मोडणं हे पाप होतं, कायदा नंतरची गोष्ट. ती इंग्रजी कळणाऱ्या धर्मगुरूसमोर बसते आणि विचारते, मला अडवलं होतं, तरी मी मोडला का शब्द? त्याने काय उत्तर द्यावं ते तुम्ही ठरवा. मला तर वाटतं तो म्हणेल, ती दारात आली तर तिला खायला दे. मग ती वाइन आणि ते नाणं हे तिचं प्रायश्चित्त होईल. म्हणूनच ती देते आनंदाने, आणि तरी परत जात नाही.

---

सह्यसखी :

वसईकर, हे फारच सुंदर आहे. बंडखोर हा शब्द मी मागे घेणार नाही, पण ही कथा मला वाचायची आहे.

---

नवा_वाचक :

पुस्तक इतकी शतकं होतं कुठे? आणि आता वाचायला मिळतं का?

---

तळटीप :

शतकानुशतकं जवळजवळ हरवलेलंच होतं. १५०१च्या सुमारास विंकिन द वर्ड या मुद्रकाने त्यातले भक्तिपर उतारे काढून सात पानांचं चोपडं छापलं, आणि त्या उताऱ्यांत यात्राही नाही, मोलकरीणही नाही. संपूर्ण हस्तलिखित १९३४ साली इंग्लंडमधल्या बटलर-बाउडन घराण्याच्या कपाटात सापडलं, टेबल टेनिसचं सामान शोधताना. होप एमिली ॲलन या अभ्यासक बाईंनी ते ओळखलं, १९४० मध्ये ते छापलं गेलं. आज ते हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. आधुनिक इंग्रजीतले अनुवाद सहज मिळतात, मध्ययुगीन इंग्रजीतला पाठ इंटरनेटवर फुकट आहे.

पानगळ, आता एक अडचणीचा प्रश्न. ही मुलगी जेरुसलेमला गेली का? पुस्तक गप्प आहे. व्हेनिसला ती जथ्याचं रांधत होती, आणि जथा पुढे जहाजाने पवित्र भूमीकडे गेला. तिला नेलं, की व्हेनिसमध्ये सामान सांभाळायला ठेवलं? तुम्हाला ठरवावं लागेल, कारण अख्ख्या कथेचा तोल त्यावर आहे.

न्यायची ठरवली तर विल्यम वे वाचा. हा ईटनचा पाद्री १४५८ आणि १४६२ मध्ये जेरुसलेमला गेला आणि पुढच्यांसाठी बारीकसारीक सूचना लिहून ठेवल्या. काळ चाळीस-पन्नास वर्षं नंतरचा, पण व्हेनिसची गलबतं तीच. तो सांगतो, खालच्या मजल्यावर जागा घेऊ नका, तिथे उकाडा आणि दुर्गंधी असह्य. सेंट मार्क चर्चजवळ पिसांची गादी, उशा, चादरी, रजई तीन डुकाटला (डुकाट म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं) मिळते. परत आलात की त्याच माणसाला द्या, फाटकी असली तरी दीड डुकाट देतो. कुलपाची पेटी घ्या. छोटी कढई, तळणीचा तवा, लाकडी थाळ्या, पाव किसायची किसणी घ्या. आणि पिंजऱ्यात सहा कोंबड्या, त्यांच्यासाठी राळ्याचे दाणे. आता सांगा, त्या कोंबड्यांना दाणे कोण घालणार? पाद्री स्वतः?

मार्जरीच्या बाबतीत तर जथ्याने स्वतःसाठी अंथरुणं घेतली, तिच्यासाठी नाही. शिवाय जहाजावर एका पाद्र्याने तिची चादर ढापली आणि ती माझीच आहे म्हणाला. चादरी धुणारी, कुणाची कुठली हे ओळखणारी एकच व्यक्ती त्या जहाजावर असणार, जर ती जहाजावर असेल तर.

---

खलबत्ता :

जहाजावर असू दे! ती चादर तिने ओळखली आणि गप्प राहिली, की बोलली? हे मला वाचायचंय.

---

पानगळ :

तळटीप, ही चादर तुम्ही माझ्या हातात ठेवलीत, आता ती सोडणार नाही. मुलगी जेरुसलेमला जाणार, हे ठरलं. गोड्या पाण्याचा तुटवडा, कोंबड्या, उलट्या काढणारे यात्रेकरू, आणि ती चादर. ती ओळखेल, आणि गप्प राहील. बोलली असती तर ज्यांच्या भाकरीवर ती जगतेय त्यांच्यातल्याच एकाला चोर म्हणावं लागलं असतं. वसईकरांच्या पापनिवेदनात मग दोन गोष्टी येतील, शब्द आणि चादर, आणि दुसरी तिला जास्त टोचेल. शब्द तिच्याकडून हिसकावून मोडवला होता. गप्प मात्र ती स्वतः राहिली.

रोमबद्दल एक गोष्ट मला सापडली आहे, ती इथे ठेवते. मार्जरीने तिथे आणखी एका मोलकरणीची भेट घेतली होती. स्वीडनच्या संत ब्रिजिट १३७३ साली रोममध्ये वारल्या, मार्जरीच्या जन्माच्या सुमारास. त्यांची म्हातारी मोलकरीण अजून हयात होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, एका माणसाने दोघींमध्ये दुभाषेपणा केला. मोलकरणीने सांगितलं की बाई सगळ्यांशी प्रेमाने आणि नम्रपणे वागत, त्यांचा चेहरा हसरा होता. मार्जरी संतांच्या खोलीतही जाऊन आली. ब्रिजिट राहायच्या ते घर आजच्या पियात्सा फार्नेझेवर, आणि १३६२ साली जॉन आणि ॲलिस शेपर्ड या जपमाळा विकणाऱ्या जोडप्याच्या घरात सुरू झालेली सेंट थॉमसची धर्मशाळा आजच्या विया दि मोन्सेराटोवर. दोन्ही पायी पाच मिनिटांच्या अंतरावर. म्हणजे मार्जरी एका मोलकरणीला तिच्या मालकिणीबद्दल विचारत होती, तेव्हा तिची स्वतःची मोलकरीण दोन गल्ल्यांपलीकडे पिंपं मोजत होती. आपल्याबद्दल हिला विचारलं तर ही काय सांगेल, हा विचार मार्जरीच्या मनात आला असेल का? मला वाटतं आला असेल, आणि म्हणूनच ती त्या दारात पुन्हा पुन्हा गेली.

---

वसईकर :

रोमचं वातावरण लिहिताना एक ध्यानात असू द्या. शहर तेव्हा भग्न होतं. पोप सत्तर वर्षं रोम सोडून आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहिलेले, १३७८पासून एकाहून अधिक पोप एकमेकांशी भांडणारे, १४१३ मध्ये नेपल्सच्या लादिस्लाव राजाने शहर लुटलेलं. १४१४च्या नोव्हेंबरात कॉन्स्टन्सला जी मोठी धर्मसभा भरली ती हे भांडण मिटवायलाच. म्हणजे तुमची मुलगी कॉन्स्टन्सहून गेली आणि वर्षभरात सगळं युरोप तिथे गोळा झालं. अशा रोममध्ये खात्रीचं छप्पर आणि भरलेलं कोठार असलेली धर्मशाळा ही साधी गोष्ट नव्हती. तिथली किल्ली परक्या मुलीच्या हातात दिली याचा अर्थ तिचा हात स्वच्छ होता आणि हिशेब चोख होता. बेइमान म्हणून आलेल्या मुलीला वाइनच्या कोठारावर कुणी बसवत नाही.

---

तळटीप :

वसईकर, हा मुद्दा मान्य.

मी मात्र मार्जरीच्या बाजूने शेवटचं एक मांडतो, कारण इथे तिचा वकील मीच दिसतोय. हे पुस्तक आज आहे त्या रूपात लिहून घ्यायला सुरुवात झाली १४३६ साली. रोमला वीस वर्षं उलटून गेली होती. मार्जरी साठी ओलांडलेली. त्या मुलीने आपल्याला टाकलं एवढंच तिला सांगायचं असतं तर व्हेनिसच्या वाक्यावर ती थांबली असती. रोममधली भेट सांगायची तिला काही गरज नव्हती. उलट त्या भेटीत मालकीण हात पसरते आणि मोलकरीण देते, म्हणजे सगळी नामुष्की मार्जरीचीच. तरी तिने ते लिहवून घेतलं, वाइन आनंदाने दिली हेही, वर नाणं दिलं हेही, परत यायला नाही म्हणाली हेही. त्या मुलीच्या हातून घडलेलं एकुलतं एक चांगलं काम आपल्यापर्यंत पोचलं ते मार्जरीमुळे.

पहिला भाग झाला की इथेच टाका. जहाजावरच्या कोंबड्यांचे तपशील हवे असतील तर माझ्याकडे अजून आहेत.